जर्मन झुरळाचें मूळ घर

राजे, लढाया आणि तह यांचा इतिहास आपण शाळेंत शिकतों. परंतु शेगडीच्या मागें आणि फडताळाच्या सांदींत रात्रीं वावरणाऱ्या झुरळासहि इतिहास असेल, हें सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. तो इतिहास आहे, आणि त्याच्याशीं आपल्या देशाचा संबंध फार जवळचा आहे.

आपल्या घरांतून आढळणारीं झुरळें मुख्यतः दोन जातींचीं. मोरींतून व गटारांतून वर येणारें, मोठें, तांबूस रंगाचें तें 'अमेरिकन' झुरळ. आणि स्वयंपाकघरांतच बिऱ्हाड करून राहणारें, अर्ध्या इंचाच्या आसपास लांबीचें, डोक्यामागें दोन काळ्या रेघा असलेलें तें 'जर्मन' झुरळ. मौज अशी कीं, पहिलें मूळचें अमेरिकेचें नव्हे आणि दुसरें जर्मनीचें नव्हे. पहिलें आफ्रिकेंतून पसरलें असावें, असें शास्त्रज्ञ मानतात. दुसऱ्याची हकीकत अधिक उद्बोधक आहे.

स्वीडनचा प्रख्यात निसर्गशास्त्रज्ञ लिनीअस यानें १७६७ सालीं या किड्यास 'जर्मन' हें नांव दिलें. रशियन लोक त्याला 'प्रुसाक', म्हणजे प्रशियाचा, असें म्हणत. उलट जर्मनीच्या कांहीं भागांत त्यालाच 'रशियन' म्हणण्याचा प्रघात होता. उपद्रवी पाहुणा शेजाऱ्याच्या घरूनच आला, असें ठरविण्याची माणसाची खोड जुनीच आहे! परंतु हें झुरळ युरोपांतील काय, किंवा अन्य कोठल्याहि रानांत काय, स्वतंत्रपणें राहतांना आढळत नाहीं. मग तें आलें कोठून?

या कोड्याचा उलगडा २०२४ सालीं झाला. सतरा देशांतून गोळा केलेल्या २८१ झुरळांच्या आनुवंशिक द्रव्याची तुलना करून संशोधकांनीं असें दाखविलें कीं, सुमारें २,१०० वर्षांपूर्वीं भारत किंवा ब्रह्मदेश या भागांत, पालापाचोळ्यांत राहणाऱ्या 'आशियाई' झुरळापासून ही जात निराळी झाली. आशियाई झुरळ उडतें आणि दिव्याकडे झेप घेतें; घरांत शिरलेल्या त्याच्या या भाऊबंदानें उडणें सोडलें आणि अंधार जवळ केला. सुमारें १,२०० वर्षांपूर्वीं, अरब खिलाफतीच्या व्यापाराच्या व स्वाऱ्यांच्या काळांत, तें पश्चिमेकडे गेलें. सुमारें ३९० वर्षांपूर्वीं, युरोपीय व्यापारी कंपन्यांच्या काळांत, पूर्वेकडे पसरलें. पुढें आगबोटींनीं प्रवास जलद केला, थंड देशांतील घरें उबदार झालीं, आणि या किड्यास सारें जग मोकळें झालें.

याच्याशीं मनुष्यानें मांडलेलें युद्धहि विलक्षण आहे. डी. डी. टी. कीटकनाशक आहे, हा शोध १९३९ सालीं पॉल म्यूलर यांनीं लावला व १९४८ मध्यें त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. विजय आतां दूर नाहीं, असें तेव्हां वाटलें. परंतु १९५२ च्या सुमारास अमेरिकेंतील टेक्सास प्रांतांत क्लोरडेन या जालीम विषास दाद न देणारीं जर्मन झुरळें सांपडलीं. पुढें गोड आमिषांत विष घालण्याची युक्ति निघाली. कांहीं वर्षांतच अशीं झुरळें निपजलीं कीं, तीं द्राक्षशर्करेस तोंडच लावीनात. त्यांच्या जिभेस ही साखर कडू लागते, हें २०१३ सालीं सिद्ध झालें. जीं गोडाला भुललीं तीं मेलीं. जीं भुललीं नाहींत त्यांचाच वंश वाढला. मादी तीस-चाळीस अंड्यांची पेटी पिलें निघण्याच्या वेळेपर्यंत पोटाशीं बाळगते. तेव्हां हा वंश किती त्वरेनें वाढत असेल, याची कल्पना करावी.

हा प्रश्न केवळ किळसेचा नाहीं. १९९७ सालीं अमेरिकेंतील शहरांच्या दरिद्री वस्त्यांतील दमेकरी मुलांची एक पाहणी प्रसिद्ध झाली. ज्या मुलांच्या प्रकृतीस झुरळ बाधत होतें आणि ज्यांच्या निजण्याच्या खोलींत त्याचे अंश विपुल होते, त्यांस दम्यासाठीं रुग्णालयांत न्यावें लागण्याचें प्रमाण इतरांच्या तिपटीहून अधिक आढळलें.

या इतिहासावरून गृहिणींनीं आणि गृहस्थांनींहि काय घ्यावें? हें झुरळ रानांतून वाट चुकून आलेलें नाहीं. आपल्या घरानेंच त्याला घडविलें आहे. ऊब, ओल, उष्टें आणि फट या चार गोष्टींवर त्याचा संसार चालतो. म्हणून रात्रीं ओटा व मोरी कोरडी करावी, खरकटें झांकून ठेवावें, फटी लिंपून घ्याव्या, बाजारांतून आलेलीं पुठ्ठ्याचीं खोकीं घरांत सांठवूं नयेत. कणकेच्या गोळ्यांत बोरिक पावडर घालण्याची आपल्याकडील रीत उपयोगी आहे. मात्र मुलांचा हात पोंचणार नाहीं अशाच जागीं त्या ठेवाव्या. एकाच विषावर वर्षानुवर्षें भिस्त ठेवणें म्हणजे त्या विषास न जुमानणारीं झुरळें स्वतःच निवडून वाढविणें होय. विषाची संवय त्या किड्यास होते. उपासाची व तहानेची मात्र होत नाहीं.