काकांचा चंद्र

चंद्र लहानपणी आपला मामा असतो, तारुण्यात साक्षीदार होतो आणि लग्नानंतर संकष्टीला तो किती वाजता उगवणार एवढ्या चौकशीपुरताच उरतो. सर्वसाधारण मराठी माणसाचा चंद्राशी संबंध एवढाच. माझं मात्र चंद्राशी चांगलं कडाक्याचं भांडण झालं, आणि तेही गोठ्याच्या छपरावरून.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीच्या काठी. घर भाऊकाका सांभाळायचे. आम्ही मुंबईकर मे महिन्यात जाऊन आंबे खायचे आणि गाव कसं सुधारलं पाहिजे यावर भाषणं द्यायची, अशी कामाची वाटणी होती. १९८२ सालच्या मे महिन्यात गोठ्याचं छप्पर नवं करायचं निघालं. परसात वेळूचं बेट होतं. पण काका म्हणाले, "आता नाही. कार्तिकातल्या अवसेला तोडू. चांदण्यात तोडलेल्या वेळूला कीड लागते."

त्या वर्षी मी वैज्ञानिक दृष्टिकोनावरची लागोपाठ तीन व्याख्यानं ऐकून गावी गेलो होतो. मी म्हटलं, "काका, पावणेचार लाख किलोमीटरांवरच्या दगडाला तुमच्या परसातला वेळू दिसत तरी असेल का?"

काकांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिलं. "तोड हो, तोड. बेट तुझ्याही आजोबांचंच आहे."

मी मुद्दाम वैशाखी पौर्णिमा गाठली आणि दोन गडी घेऊन चांगले हिरवेगार, सरळसोट, तरणे वेळू निवडून तोडले. आठ दिवसांत छप्पर उभं राहिलं. मुंबईला परतताना मला आपण राजा राममोहन रॉय असल्यासारखं वाटत होतं.

पुढच्या शिमग्यापर्यंत गोठ्यात पिठाची गिरणी सुरू झाली. वेळूंना बारीक बारीक भोकं पडली आणि त्यांतून पिवळा भुगा गळू लागला. काकू दूध काढायला बसली की चरवीत भुगा आणि डोक्यावरही भुगा. आषाढात काकांचं कार्ड आलं : "चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. छप्पर काल रात्री बसले. चंद्री पडवीत होती म्हणून वाचली. पौर्णिमा तुला लखलाभ." चंद्री ही आमची गाय. काकूने खाली एक ओळ घातली होती, की कौलं उतरवताना काका घसरले आणि गुडघा सुजला आहे. तो गुडघा पुढे कधीच धड झाला नाही. त्यानंतर काका जिना एकेक पायरी करत चढायचे आणि मी दुसरीकडे बघायचो.

पण मनुष्य चुकला की आधी क्षमा मागत नाही, पुरावे गोळा करतो. मीही ग्रंथालयात जाऊन बसलो.

पहिला धक्का रोमहून बसला. कार्थेजचा नाश झालाच पाहिजे असा घोशा लावणारा तो कातो, त्याने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात शेतीवर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो, की इमारती लाकूड चंद्र घटत असताना काढावं, दुपारनंतर काढावं, आणि दक्षिणेचा वारा असेल तर काढू नये. म्हणजे आमचे भाऊकाका! फक्त अंगावर पंचाऐवजी टोगा. आपल्याकडे 'कृषिपराशर' या संस्कृत ग्रंथातही नांगर कोणत्या तिथीला धरावा ते सांगितलेलं आहे. एकमेकांचं तोंड न पाहिलेली ही माणसं चंद्राच्या बाबतीत एकाच शाळेत शिकलेली दिसतात.

मी तातडीने विज्ञानाकडे धाव घेतली. गॅलिलिओ तरी आपल्या बाजूचा असणार! तो होताही. १६३२ च्या आपल्या ग्रंथात तो भरती-ओहोटीचा विचार करतो आणि केप्लरसारखा शहाणा माणूस पाण्यावर चंद्राची सत्ता मानतो म्हणून नवल करतो. या त्याच्या मते पोरकट कल्पना. भरती येते ती पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाणी हिंदकळतं म्हणून. मी खूश झालो. पण पुढे १६८७ साली न्यूटनने गुरुत्वाकर्षण मांडलं आणि पाणी चंद्रच ओढतो (सूर्याचाही थोडा हातभार असतो) हे दाखवून दिलं. म्हणजे साऱ्या युरोपात हुशार असलेला माणूस चुकला आणि आमच्या खाडीवरचा जाळं विणत बसलेला म्हातारा बरोबर ठरला. तिथीची पाऊणपट करा की भरतीची ढोबळ वेळ निघते हे त्याला तोंडपाठ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. अवसेपुनवेला उधाण, अष्टमीच्या सुमाराला भांग. गॅलिलिओला हे सांगायला कोकणातलं कोणी भेटलं नाही, त्याला कोण काय करणार?

अखेर माझ्या बाजूचा एक साक्षीदार सापडला तो फ्रान्समध्ये. दुहामेल द्यू मोंसो. हा अठराव्या शतकातला गृहस्थ फ्रेंच नौदलाचा अधिकारी. जहाजांना लाकूड लागायचं आणि ते घटत्या चंद्रात तोडावं असा तिकडेही दंडक होता. या पठ्ठ्याने नुसता वाद घातला नाही. चढत्या आणि उतरत्या चंद्रात झाडं तोडून त्यांची तुलना केली, आणि उतरत्या चंद्राचा काही फायदा त्याला दिसला नाही. मी टेबलावर मूठ आपटली. ग्रंथपालाने चष्म्यावरून पाहिलं.

त्याच भरात मला अरागोची गोष्ट मिळाली आणि माझी मूठ हळूहळू सैल झाली. फ्रेंच माळ्यांचं म्हणणं असं, की एप्रिल-मे महिन्यांतला चंद्र कोवळे कोंब करपवतो. त्याला ते तांबडा चंद्र म्हणत. अठराव्या लुईने त्याबद्दल लाप्लासला विचारलं. आकाशाचं सगळं गणित मांडलेला लाप्लास, पण या चंद्राचा त्याच्या गणितात पत्ताच नव्हता. तो गेला अरागो या ज्योतिर्विदाकडे. अरागोने माळ्यांना मूर्ख ठरवलं नाही. तो म्हणाला, माळ्यांनी पाहिलं ते खरं आहे. चंद्र दिसतो त्या रात्री कोंब गारठून मरतात. पण चंद्र दिसतो केव्हा? आभाळ निरभ्र असतं तेव्हा. आणि निरभ्र रात्री पानांतली उष्णता वर निघून जाते, पानं हवेपेक्षाही थंड होतात आणि गोठतात. ढग असले तर ते पांघरुणासारखे उष्णता अडवतात, आणि चंद्रही झाकतात. थोडक्यात, चंद्र घटनास्थळी हजर होता. गुन्हा त्याने केला नव्हता.

ते वाचून मला प्रथमच वाटलं, की आपण भाऊकाकांना कधी काही विचारलंच नाही. नुसतं सांगितलं.

पुढच्या दिवाळीनंतर रजा काढून गेलो. कार्तिकातली अमावास्या होती. काका खुर्चीत बसून गड्यांना हुकूम सोडत होते. "तो नको, कोवळा आहे. तीन पावसाळे पाहिलेला घे." तोडलेले वेळू लगेच वापरायला घेतलेच नाहीत. साडेअकराच्या सुमाराला उधाणाचं पाणी थेट आमच्या परसाच्या गडग्याला लागलं, तसे गड्यांनी वेळू पाण्यात ढकलले आणि तरंगत तरंगत खाजणात नेऊन दगडांखाली दडपले. महिनाभर तिथेच.

"एरवी एवढे वेळू खांद्यावरून न्यायचे म्हणजे मरण," काका म्हणाले. "आज पाणी नेतं."

"पण पाणी पुनवेलाही येतंच की!"

"येतं. पण पुनवेला माणसं कुठली? अवसेला गावात जोत धरत नाहीत. बैलही मोकळा, गडीही मोकळा."

मी गडग्यावर बसलो. वेळूतल्या पिठूळ अंशावर ती कीड जगते, हे मी तोवर वाचलं होतं. पावसाळ्यात नवे कोंब वाढवण्यात तो अंश खर्ची पडतो, म्हणून पावसाळा संपता संपता तोडलेला वेळू टिकतो. उरलासुरला अंश पाण्यात मुरवल्याने निघून जातो. मी काय केलं होतं? उन्हाळ्यात तोडले, कोवळे निवडले, पाणी दाखवलं नाही, आणि वर पौर्णिमा. चार गोष्टी एकदम बदलून निष्कर्ष मात्र एकाच गोष्टीचा काढायला निघालो होतो. दुहामेलने मला शिपाई म्हणूनसुद्धा ठेवलं नसतं.

चंद्राने वेळूत रस चढतो हे मला आजही पटत नाही. पण ती अवस म्हणजे काकांनी उपरण्याला मारलेली गाठ होती. गाठ पाहिली की ऋतू, वेळूचं वय, खाडीचं पाणी आणि मोकळे गडी, सगळं ओळीने आठवायचं. मी गाठ सोडायला गेलो आणि त्यात बांधलेलं सगळं सांडलं. त्याची किंमत काकांच्या गुडघ्याने दिली. मी एकदा तसं कबूलही केलं. काका म्हणाले, "गुडघा वयाने गेला रे. सगळ्याचा दोष आपल्याकडे घेऊ नये. चंद्रासारखं होतं."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. गोठा आहे, गाय नाही. गेल्या वर्षी मुलगा म्हणाला, "बाबा, मे महिन्यात सगळे येतोय तर वेळू तेव्हाच तोडून टाकू ना?"

मी काही न बोलता भिंतीवरचं कालनिर्णय काढलं आणि कार्तिकाचं पान उघडलं. सूनबाई हळूच मुलाला म्हणाली, "बाबांचं वय झालं हं. तिथ्या बघायला लागले."

मी पंधराची पाऊणपट करत होतो.