कुत्र्यातील मागच्या पायांचा लुळेपणा : पुनर्वसनकाळातील शुश्रूषा

पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूला इजा झाल्याने कुत्र्याच्या मागच्या पायांतील हालचाल कमी होते किंवा थांबते. अशा कुत्र्याची शस्त्रक्रियेनंतर, किंवा शस्त्रक्रियेविना, घरी जी देखभाल करावी लागते तिचा विचार या नोंदीत केला आहे. ‘मागचे पाय गेले’ असे लोक म्हणतात आणि सारे लक्ष पायांकडे लावतात. प्रत्यक्षात पहिल्या काही आठवड्यांत कुत्र्याचे भवितव्य पायांपेक्षा मूत्राशयावर आणि कातडीवर अधिक अवलंबून असते.

कारणे. डॅशहुंडसारख्या आखूड पायांच्या जातींत मणक्यांमधील गादी लहान वयातच कडक होते आणि पुढे अचानक फुटून मज्जारज्जूवर दाब आणते. बाराव्या गुणसूत्रावरील एका जनुकाच्या जादा प्रतीशी या दोषाचा संबंध आहे, हे 2017 मध्ये दाखवले गेले. भटक्या कुत्र्यांत वाहनाची धडक हे मोठे कारण आहे. जर्मन शेफर्डमध्ये उतारवयात मज्जारज्जूचा ऱ्हास होतो. तो सावकाश वाढतो आणि दुखत नाही. हा फरक शुश्रूषेत महत्त्वाचा ठरतो. गादी फुटलेल्या कुत्र्याला आधी सक्त विश्रांती हवी असते (शस्त्रक्रिया केली नसेल तर किमान चार आठवडे पिंजऱ्यात), तर ऱ्हासाच्या आजारात रोजचा व्यायाम थांबवणे घातक ठरते.

संवेदनेची परीक्षा. पायाचे बोट जोरात चिमटले की कुत्रा पाय मागे घेतो आणि घरच्यांना आशा वाटते. पण पाय मागे घेणे ही नुसती प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. कुत्रा मान वळवतो, विव्हळतो किंवा चावायला येतो तेव्हाच वेदना मेंदूपर्यंत पोचली असे मानतात. गादी फुटल्यावर ही खोल संवेदना शाबूत असेल तर शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सुमारे नऊ कुत्री पुन्हा चालतात. ती गेली असेल तर साधारण निम्मी.

मूत्राशय. कुत्र्याच्या अंथरुणावर लघवीचे थेंब दिसले की ‘आपणहून करतोय’ असा समज होतो. बहुतेक वेळा मूत्राशय तुडुंब भरून वाहत असते. ते सतत ताणलेले राहिले तर त्याच्या भिंतीतील स्नायू कायमचे निकामी होतात, आणि मग पाय सुधारले तरी लघवीवरचा ताबा परत येत नाही. म्हणून दिवसातून तीन-चार वेळा ते हाताने दाबून रिकामे करावे लागते. पोटाच्या मागच्या भागात दोन्ही बाजूंनी तळहात ठेवून फुग्यासारखा भाग चाचपतात आणि शेपटीच्या दिशेने संथ, सलग दाब देतात. हे वाचून जमत नाही; पशुवैद्याने आपल्या हातावर हात ठेवून शिकवावे लागते. मूत्रमार्गाची झडप घट्ट आवळलेली असेल तर ती सैल करणारे औषध आधी द्यावे लागते. तेथे बळजबरीने दाबू नये. लघवी गढूळ झाली, वास बदलला किंवा रक्त दिसले तर जंतुसंसर्ग समजावा. कुत्र्याला जळजळ जाणवत नसल्याने तो स्वतः काही सांगणार नाही.

कातडी. कुशीवर पडून राहिलेल्या कुत्र्याची कूस दर चार तासांनी बदलावी. जाड फोमवर धुता येणारी चादर घालावी. फरशीवर नुसते पोते घालून भागत नाही. खुब्याचे हाड आणि कोपर येथे कातडी लाल दिसली की ती शय्याव्रणाची सुरुवात असते. लघवीने भिजलेले केस कातडी भाजल्यासारखी करतात, म्हणून शेपटीखालचे आणि मांड्यांचे केस कापून टाकावेत. पावसाळ्यात आपल्याकडे ही काळजी दुप्पट लागते: मळलेल्या केसांवर माशा अंडी घालतात आणि दिवसाभरात जखमेत अळ्या पडतात. पंजा उलटा घासत असेल तर मोजा किंवा बूट घालावा.

व्यायाम. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर प्रत्येक सांधा हलक्या हाताने दहा-पंधरा वेळा वाकवून सरळ करतात. असे दिवसातून दोन-तीनदा. पुढे पोटाखालून टॉवेल घालून आधार देत उभे करतात. घरातल्या गुळगुळीत टाइल्स हा मोठा अडथळा आहे. पाय घसरला की कुत्रा घाबरतो आणि प्रयत्न सोडतो, म्हणून सतरंजी नव्हे, तर न सरकणारी रबरी चटई हवी. पाण्यातील ट्रेडमिलचा लाभ मोजलेला आहे: पाणी खुब्यापर्यंत असेल तर पायांवर शरीराच्या वजनाचा सुमारे 38 टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंत असेल तर 85 टक्के.

चाकगाडीबद्दल दोन टोकाची मते ऐकू येतात: ती दिली की कुत्रा चालायला शिकत नाही, किंवा ती आली की बाकी काही करायला नको. दोन्ही चुकीची आहेत. गाडी मापाची असावी, सुरुवात थोड्या मिनिटांनी करावी आणि कुत्र्याला तिच्यात एकटे सोडू नये, कारण तिच्यात त्याला आडवे होता येत नाही.

औषधे. घरातील आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक कुत्र्याला देऊ नये. वेदनाशामक आणि स्टेरॉइड एकत्र दिल्यास पोटात रक्तस्राव होऊ शकतो. दोन डॉक्टरांकडे दाखवणाऱ्या घरांत हे नकळत घडते.

भटके कुत्रे. धडक बसलेल्या कुत्र्याला पाय धरून ओढू नये. फळीवर किंवा ताणून धरलेल्या चादरीवर सरळ उचलावे. मुंबईत 1886 मध्ये सुरू झालेले परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच आवारातील बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय येथे अशा प्राण्यांवर दीर्घकाळ उपचार होत आले आहेत. लुळे कुत्रे पुन्हा रस्त्यावर सोडता येत नाही, त्यामुळे उपचाराआधीच त्याला कोण सांभाळणार हे ठरवावे लागते.

संशोधन. केंब्रिजच्या संशोधकांनी 2012 मध्ये 34 पाळीव कुत्र्यांवरील चाचणी प्रसिद्ध केली. त्यांतील 23 कुत्र्यांच्या इजेच्या जागी त्यांच्याच नाकातील पेशी सोडल्या होत्या. पुढच्या-मागच्या पायांचा मेळ सुधारला, पण मूत्राशयावरील ताबा परत आला नाही. संवेदना न परतलेल्या कुत्र्यांच्या घरी म्हणून मूत्राशय रिकामे करण्याचे काम आयुष्यभर चालते, आणि ते घरातील किमान दोघांना यावे.