रत्नाकर मतकरी आणि ठाण्याची मुले

ठाण्याचे गडकरी रंगायतन, कल्याणचे आचार्य अत्रे रंगमंदिर आणि डोंबिवलीचे सावित्रीबाई फुले कलामंदिर ही आमच्या परिसरातील नाट्यरसिकांची हक्काची ठिकाणे. सुट्टीत मुलांना घेऊन आम्ही तेथे बालनाट्याला जातो, मध्यंतरात बटाटेवडा खातो आणि समाधानाने घरी परततो. परंतु या नाट्यगृहांच्या आसपासच्याच वस्त्यांत राहणाऱ्या आणि तिकिटाचे पैसे नसलेल्या मुलांनी काय करावे, हा प्रश्न आमच्यापैकी किती जणांना पडतो? नाटककार व दिग्दर्शक रत्नाकर मतकरी यांना तो पडला. त्यांच्या दीर्घ कारकिर्दीचा अखेरचा अध्याय ठाण्यात लिहिला गेला, तो त्यामुळेच.

मतकरींचा जन्म १७ नोव्हेंबर १९३८ चा. सोळा-सतराव्या वर्षीच, १९५५ साली, त्यांची 'वेडी माणसं' ही एकांकिका मुंबई आकाशवाणीवरून सादर झाली. पुढे बँक ऑफ इंडियात नोकरी करीत त्यांनी लेखन चालू ठेवले. १९५९ साली सुधा करमरकर यांनी त्यांचे 'मधुमंजिरी' हे बालनाट्य रंगभूमीवर आणले. मुलांचे नाटक म्हणजे शाळेच्या संमेलनातील हौस, ही समजूत तेव्हापासून ढळू लागली. १९६२ साली मतकरींनी पत्नी प्रतिभाताईंच्या साथीने 'बालनाट्य' ही स्वतःची संस्था स्थापन केली. 'निम्मा शिम्मा राक्षस', 'अलबत्या गलबत्या' या नाटकांवर पिढ्या वाढल्या. 'अलबत्या'तील चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी अजरामर केली.

मोठ्यांसाठी लिहितानाही त्यांची दृष्टी दुर्बलांवरून हटली नाही. 'आरण्यक' या नाटकात (१९७४) त्यांनी युद्धानंतर वनात गेलेल्या धृतराष्ट्र, गांधारी, कुंती आणि विदुर यांचे उत्तरायुष्य रंगविले, तर 'लोककथा ७८'मध्ये खेड्यातील दलितांवर होणारा अत्याचार शहरी प्रेक्षकांपुढे उभा केला. १९७८ सालीच बँकेची वीस वर्षांची नोकरी सोडून ते पूर्णवेळ लेखक झाले. २००३ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कार त्यांना लाभला. सन्मान मिळाले म्हणून ते स्वस्थ बसले नाहीत. नर्मदा बचाव आंदोलनाच्याही पाठीशी ते उभे राहिले.

पंच्याहत्तरी उलटल्यावर, २०१४ साली, ठाण्यातील समता विचार प्रसारक संस्थेच्या सहकार्याने त्यांनी 'वंचितांचा रंगमंच' हा उपक्रम सुरू केला. कल्पना साधी, पण धाडसाची होती. वस्तीतील मुलांना नाटक दाखवायचे नाही, तर त्यांनी ते स्वतः रचायचे आणि स्वतःच सादर करायचे. विषयही त्यांच्याच जगण्यातले. ज्याने पन्नासहून अधिक वर्षे मुलांसाठी संवाद लिहिले, त्यानेच शेवटी लेखणी मुलांच्या हाती दिली! आमच्या मते, त्यांच्या साऱ्या नाटकांइतकेच हे कार्य मोलाचे आहे. दया दाखविणारा खाऊ देतो. मान देणारा मात्र समोरच्याला बोलू देतो आणि स्वतः ऐकत बसतो.

२०१८ साली 'आरण्यक' पुन्हा रंगभूमीवर आले. ठाण्याचे ज्येष्ठ नट रवी पटवर्धन यांनी ऐंशी उलटल्यावर पुन्हा धृतराष्ट्र साकारला. १७ मे २०२० रोजी, करोनाच्या साथीत, मतकरी निवर्तले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात पटवर्धनही गेले. एकाच वर्षात रंगभूमीची दुहेरी हानी झाली. वस्तीतील मुलांचा रंगमंच मात्र मतकरींच्या पश्चातही चालू राहिला.

सणासुदीच्या कार्यक्रमांत आम्ही मुलांना आमचीच वाक्ये पाठ करून बोलायला लावतो आणि टाळ्या वाजवतो. यंदा एखादा प्रवेश मुलांनाच लिहू द्यावा. तो कदाचित ओबडधोबड असेल आणि त्यातील एखादे वाक्य आम्हा मोठ्यांना बोचेलही. तरी तो शेवटपर्यंत ऐकण्याइतके औदार्य आम्ही दाखविले, तर मतकरींचे ऋण थोडे तरी फिटेल.