पर्यावरणीय अभिकल्प शिक्षण, पुणे

जमीन, पाणी, जीवसृष्टी व मानवी वस्ती ही परस्परावलंबी घटकांची एकच प्रणाली मानून रचना करण्यास शिकविणारी आंतरविद्याशाखीय शिक्षणपद्धती. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील इअन मकहार्ग यांच्या ‘डिझाइन विथ नेचर’ (१९६९) या ग्रंथाने हा विचार भूदृश्यरचनेत रुजविला.

पुण्यात त्याच्या प्रसारात पक्षितज्ज्ञ व परिसंस्था-अभ्यासक प्रकाश गोळे यांचा वाटा मोलाचा आहे. त्यांनी १९८२ मध्ये इकॉलॉजिकल सोसायटी स्थापन केली. संस्थेच्या नैसर्गिक संसाधन व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमात विविध शाखांचे पदवीधर एकत्र शिकू लागले. पुढे पुण्यातच भारती विद्यापीठाची पर्यावरण शिक्षण व संशोधन संस्था १९९३ मध्ये सुरू झाली.

या पद्धतीसाठी मुठा नदी हे बोलके उदाहरण आहे. तिच्यावरील खडकवासला धरणाचे पाणी शहर पिते आणि शहराचे सांडपाणी नदीत येते. तेच मुळा-मुठेतून भीमेला मिळून उजनी जलाशयात पोहोचते. काठ काँक्रीटने बांधला, तर पाणी मुरणे घटते, पुराला पसरायला जागा उरत नाही आणि काठची जीवसृष्टी नाहीशी होते. म्हणून नदीकाठचा आराखडा करणाऱ्या वास्तुविशारदाला जलशास्त्र, परिसंस्थाशास्त्र व समाजजीवन यांचे ज्ञान अत्यावश्यक ठरते.