दमणची ती बाई

आमच्या वसईच्या किल्ल्यात हल्ली सुट्टीच्या दिवशी गेलात तर पडक्या चर्चच्या कमानीखाली लग्न ठरलेली जोडपी फोटो काढून घेताना दिसतील. मुलीचा घोळदार झगा, मुलाचा कोट, आणि फोटोग्राफरचा पोरगा हातात ती चंदेरी छत्री धरून उभा. मला त्यांचं कौतुकच वाटतं. पण पस्तीस वर्षं इतिहास शिकवण्यात गेली, त्यामुळे मनात यायचं ते येतंच. या भिंतींच्या आत दोनशे वर्षं कुणी कुणाशी लग्न करावं, कसं करावं, कुणाच्या घरी किती वेळा जावं, याची दखल घेणारं सरकार नांदत होतं.

मंडळी, शाळेच्या पुस्तकात वसई म्हटलं की चिमाजी अप्पा आणि १७३९ ची मोहीम. तीही अर्ध्या पानात. त्याआधी १५३४ पासून इथे पोर्तुगीज होते, हे एका ओळीत उरकतं. मीही वर्गात ते तसंच उरकत असे, कारण परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे. पण त्या एका ओळीत केवढं काय आहे! पोर्तुगालच्या राजाच्या आश्रयानं वाढलेल्या अनाथ मुली जहाजातून हिंदुस्थानात पाठवल्या जात, आणि त्यांच्याशी लग्न करणाऱ्याला नोकरी नाहीतर गाव मिळे. आपल्या या उत्तरेकडच्या प्रांतातली गावंही अशी आंदणात गेली. म्हणजे हुंड्यात गाव, आणि गावासकट त्यातले कुळंबी, भंडारी, आगरी सगळे! त्या मुलीला कुणी विचारलं असेल असं वाटत नाही, आणि गावाला तर नाहीच नाही.

या सगळ्यावर नजर ठेवणारी संस्था होती गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय. १५६० साली ते सुरू झालं. मुख्य कचेरी गोव्यात, पण अधिकार पोर्तुगीजांच्या पूर्वेकडच्या सगळ्या मुलखावर. दमण, वसई अशा ठिकाणी त्यांचे कमिसार असत. आरोपीला पकडलं तरी आरोप काय आणि तो केला कुणी, हे सांगायचं नाही. त्यानंच आठवून आठवून आपलं पाप कबूल करायचं. (आमच्या वेळी काही मास्तर असं करीत. छडी आधी, "काय केलंस ते तूच सांग" नंतर.)

अ. का. प्रियोळकरांचं नाव मराठीच्या अभ्यासकांना परिचित आहे. त्यांनी १९६१ साली इंग्रजीत या न्यायालयावर पुस्तक प्रसिद्ध केलं आणि त्यात एका फ्रेंच वैद्याची हकीकत दिली. शार्ल डेलॉन त्याचं नाव. मी ती प्रथम वाचली ती तुरुंगाच्या वर्णनासाठी. आता वाचतो ती निराळ्याच कारणासाठी.

डेलॉन १६४९ सालचा. फ्रेंच कंपनीबरोबर इकडे आला आणि फिरत फिरत दमणला पोचला. वय अवघं चोवीस. हातात वैद्यकी असल्यामुळे मोठ्या घरांची दारं उघडली. त्यातल्या एका घरी एक बाई होती. डेलॉन लिहितो की आपलं तिच्याकडे जाणं वारंवार होतं, पण निष्पाप होतं. माझ्या पत्नीला मी हे वाचून दाखवलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "वारंवार होतं ना, मग झालं तर!" मला मात्र त्याच्यावर विश्वास ठेवावासा वाटतो. निदान अर्धा.

अडचण अशी की दमणचा गव्हर्नर मान्युएल फुर्तादो द मेंदोन्सा याचंही मन त्याच बाईवर होतं, आणि तिचा ओढा आपल्यापेक्षा या फ्रेंच पोराकडे आहे अशी त्याला धास्ती होती. तोंडावर मात्र तो मित्रासारखा वागे. शिवाय तिच्या घरासमोर एक पाद्री राहत असे. तो धर्मन्यायालयाचा दमणमधला चिटणीस. त्यालाही तीच बाई हवी होती, आणि त्यानं तिला पापनिवेदनाच्या वेळी, म्हणजे जिथे ती गुडघे टेकून आपले दोष सांगायला गेली त्या जागी, गळ घातली होती. हे खुद्द त्या बाईनंच डेलॉनला सांगितलं. डेलॉन या पाद्र्याला 'काळा' म्हणतो, म्हणजे बहुधा आपल्याच मातीतला. जुलूम करणारे सगळे बोटीतून उतरलेले होते, असं आपण मुलांना शिकवतो ते तितकंसं खरं नाही.

खरं तर पापनिवेदनाला आलेल्या स्त्रीकडे असली मागणी करणं हा धर्मन्यायालयाच्याच कायद्यानं गुन्हा होता. बाईनं तक्रार करायची तर ती कमिसाराकडे. आणि कमिसाराचा चिटणीस कोण? समोरच्या घरातला तोच! ती डेलॉनला हे बोलली, एका परक्या माणसाला, यातच सगळं आलं. मला तर या हकीकतीतला हाच भाग सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो. प्रेम म्हणा, नका म्हणू, पण त्या गावात तिला हे ज्याच्यापाशी बोलता आलं असा तो माणूस होता.

आता प्रेमाबद्दल किंवा मत्सराबद्दल खटला भरता येत नाही. त्याला धर्माचं कारण लागतं, आणि डेलॉननं ते आयतं पुरवलं होतं. बाप्तिस्म्याबद्दल वाद घातला होता. मूर्तींच्या पूजेबद्दल काहीबाही बोलला होता. एका रोग्याचं रक्त काढताना त्याच्याजवळची हस्तिदंती मूर्ती रक्त उडेल म्हणून बाजूला ठेवायला सांगितली होती, तेही मोजलं गेलं. हे कानावर आल्यावर तो भाबडेपणानं स्वतःच कमिसाराकडे जाऊन सगळं सांगून आला. आपण होऊन कबूल केलं की सुटका होते अशी त्याची समजूत. २४ ऑगस्ट १६७३ च्या संध्याकाळी एका घरची भेट आटोपून परतताना त्याला पकडलं.

दमणच्या तुरुंगात चार महिने. मग १६७४ च्या जानेवारीत पायांत बेड्या घालून त्याला जहाजावर चढवलं आणि गोव्याच्या वाटेवर वसईला उतरवलं. हो, आपल्या वसईला. इथल्या तुरुंगात गोव्याला न्यायचे आणखी कैदी थांबवून ठेवलेले होते. दमणच्या मानाने ही जागा मोठी आणि कमी घाणेरडी, असं त्यानं लिहिलंय. वसईबद्दल परदेशी माणसानं काढलेले हे असे गौरवोद्गार! जानेवारीचा पहिला आठवडा त्यानं इथे काढला. नाताळ नुकताच झालेला. ज्या बाईपायी हे सगळं घडलं ती मागे दमणला, त्याच घरात, आणि समोरच्या घरात तोच शेजारी.

पुढचं थोडक्यात सांगतो. गोव्याच्या कोठडीत एकांतवास, इतका की त्यानं जीव देण्याचे प्रयत्न केले. १२ जानेवारी १६७६ रोजी कैद्यांची जाहीर मिरवणूक निघाली आणि शिक्षा वाचून दाखवण्यात आली. मालमत्ता जप्त, हिंदुस्थानातून हद्दपार, पोर्तुगालात पाच वर्षं सक्तमजुरी. लिस्बनला पोचल्यावर राणीच्या वैद्यानं खटपट केली आणि १६७७ च्या जूनमध्ये तो सुटला. सुटताना मौनाची शपथ घ्यावी लागे. त्यानं ती दहा वर्षं पाळली आणि १६८७ साली पुस्तक छापलं.

हे न्यायालय पुढेही थकलं नाही. १७३६ च्या एप्रिलमध्ये गोव्यात त्यांनी एक फर्मान काढलं, त्यात ख्रिस्ती झालेल्यांच्या लग्नात देशी भाषेतल्या ओव्या म्हणायच्या नाहीत, हळद लावायची नाही, विडे पाठवायचे नाहीत, अशी लांबलचक यादी. तीनच वर्षांनी वसई त्यांच्या हातून गेली. माझ्या एका ख्रिस्ती सहशिक्षिकेच्या मुलीच्या लग्नाला आम्ही गेलो होतो. मांडव होता, हळद होती, आणि म्हाताऱ्या बायका रात्री उशिरापर्यंत गात होत्या. फर्मानाची गोष्ट मी त्यांना सांगितली तर एकजण म्हणाली, "गुरुजी, आता ते पान घ्या आधी."

असो. राहून राहून मला एक गोष्ट जाणवते. डेलॉननं गव्हर्नरचं नाव लिहिलं, अगदी पूर्ण. त्या बाईचं लिहिलं नाही. पुस्तक निघालं तेव्हा ती कदाचित चाळिशीत असेल, दमणमध्येच असेल, आणि न्यायालय तर होतंच. पापनिवेदनाची ती गोष्ट तिच्या नावानिशी छापली असती तर काय झालं असतं, हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? माझ्या मते, निष्पाप की काय ते त्यानं आपल्याला नाव गाळूनच सांगितलं आहे. पत्नीला हे पटत नाही. ती म्हणते, लाजेखातर गाळलं असेल.

१८१२ साली न्यायालय कायमचं बंद झालं आणि त्याचे बहुतेक कागद नष्ट करण्यात आले. एखाद्या कैफियतीच्या शेवटी तिनं सही केली असेल, तर तीही त्यातच गेली. चिटणिसाचं अक्षर मात्र बहुतेक सुबक असावं.