चाकाच्या मापाची बखर

जोवर बैलगाडीच्या आणि घोड्यांच्या बग्गीच्या चाकांवर लोखंडी धाव चढत होती, तोवर चाकाच्या मापाचा प्रश्न लोहाराच्या भात्यापाशीच सुटत असे. लाकडी चाकाचा घेर मोजावा, त्याहून किंचित आखूड पट्टी वळवून जोडावी, तापून ती फुगली की चाकावर ठोकून बसवावी, आणि वरून पाणी पडताच तिने आकसून साऱ्या चाकाला आवळून धरावे, असा तो शिरस्ता होता. आणि प्रत्येक धाव तिच्या एकट्या चाकासाठीच घडत असल्यामुळे तिला आकडा देण्याचे प्रयोजनच नव्हते. रबरी टायर मात्र चाकापासून शेकडो कोस दूर, अनोळखी कारागिरांच्या हातून, साच्यातून निघू लागला, आणि ज्यांची जन्मभूमी भिन्न अशा या दोन जिनसांची गाठ बिनचूक पडावी म्हणून लेखी दाखला आवश्यक झाला. टायरच्या बाजूवर उमटलेले आकडे हाच तो दाखला होय; आणि उंची मोटारीला नवा टायर घेताना त्यातील कोणता आकडा अढळ राहिला पाहिजे व कोणता बदलला तरी चालतो, याचा निवाडा त्या आकड्यांचा इतिहास ठाऊक असल्याखेरीज नीट करता येत नाही, असे माझे मत आहे.

रॉबर्ट टॉमसन याने १८४५ मध्ये हवेच्या टायरची सनद घेतली आणि ती विस्मृतीत गेली. बेलफास्टचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये तीच कल्पना स्वतंत्रपणे सायकलीसाठी सिद्ध केली. आणि क्लेरमाँ-फेराँच्या मिशलँ बंधूंनी १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत हवेच्या टायरांवर मोटार धाववून दाखविली. आरंभीच्या मोटारधंद्यात फ्रान्सचा वरचष्मा असल्यामुळे मापेही फ्रेंच मिलिमीटरांत ठरली, आणि इंचांच्या इंग्लंडनेही तो अंमल निमूट मान्य केला. रोल्स-रॉइसच्या सिल्व्हर घोस्ट या विख्यात मोटारीच्या टायरवर ८९५ × १३५ असे माप आढळते, त्याचे कारण हेच. त्यातला पहिला आकडा टायरच्या बाहेरील व्यासाचा आणि दुसरा रुंदीचा. ज्या रिमवर टायर बसावयाचा, तिचा व्यास या दाखल्यात कोठेच नाही! पुढे घोस्टच्या अखेरच्या काळात सरळ कडांचे ३३ × ५ इंची टायर आले, तेव्हाही रिमचे माप वजाबाकीनेच काढावे लागे: टायरची उंची त्याच्या रुंदीएवढीच धरावयाची, दोन्ही बाजूंचे मिळून दहा इंच तेहतिसांतून वजा करावयाचे, आणि उरलेले तेवीस इंच ही रिम.

१९२३ च्या सुमारास कमी दाबाचे, फुगीर ‘बलून’ टायर आले आणि ही वहिवाट मोडली. रबराचा आकार सुधारणेगणिक पालटू लागला, तेव्हा ज्यात सहसा फेरफार होत नाही अशा रिमच्याच मापावर दाखला उभा करणे शहाणपणाचे होते. म्हणून फँटम दुसरीच्या आरंभीच्या गाड्यांवर ७.००-२१ आणि १९३६ च्या फँटम तिसरीवर ७.००-१८ असे माप दिसते. रुंदी तीच, रिम मात्र उतरत गेलेली. १९५५ च्या सिल्व्हर क्लाउडवर हे माप ८.२०-१५ झाले. आपल्या अ‍ॅम्बॅसडरचा टायर ५.९०-१५ चा असे, आणि शेवटचा आकडा जुळतो एवढ्यावरून तो क्लाउडच्या रिमवर चढविता येईलही. परंतु दोन टनांच्या आसपास वजनाच्या त्या गाडीचा भार त्याला पेलणार नाही, आणि घेर लहान पडल्यामुळे वेगदर्शकाचा काटाही खऱ्या वेगाहून अधिक वेग दाखवील. टायर रिमवर बसला म्हणजे तो त्या गाडीचा झाला, ही समजूत आजही सर्वांत अधिक नुकसान करते.

मिशलँने १९४६ मध्ये सनद घेतलेला रेडियल टायर बाजारात रुळला, तेव्हा एकाच ओळीत दोन राजवटी नांदू लागल्या: रुंदी फ्रेंच मिलिमीटरांत, रिम इंग्रजी इंचांत. या संक्रमणाचा सर्वांत बोधप्रद पुरावा मला रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोमध्ये सापडतो. १९६५ मध्ये ती अवतरली तेव्हा तिच्या पायांत तिरप्या धाग्यांचे ८.४५-१५ टायर होते. रेडियलचा कडक पट्टा रस्त्यातील लहानसहान धक्के निराळ्या रीतीने गाडीत पोचवितो, म्हणून १९७२ मध्ये पुढील चाकांची जोडणी अधिक लवचीक केल्यावरच २०५ रुंदीचे रेडियल तिच्यावर नियमाने चढले. पुढे ते २३५/७० झाले, आणि रुंद चाकांना जागा व्हावी म्हणून चाकांवरील पत्र्याच्या कमानीही बाहेर काढाव्या लागल्या. आता या दोन रेडियलांची रुजवात घालून पाहावी. ज्या रेडियलवर उंचीचे प्रमाण लिहिलेले नसे, त्याची उंची रुंदीच्या सुमारे ८२ टक्के धरीत. त्या हिशेबाने २०५ चा बाहेरील व्यास सुमारे ७१७ मिलिमीटर भरतो आणि २३५/७० चा ७१०. रुंदी तीस मिलिमीटरांनी वाढली, पण व्यासातील अंतर शेकडा एकाहून अधिक नाही. रुंदी वाढवावयाची तर उंचीचे प्रमाण उतरवून घेर राखावयाचा, ही नीती त्या अभियंत्यांनी कटाक्षाने पाळली होती. आणि आज दुकानात केवळ रुबाबासाठी रुंद टायर मागणाऱ्याने निदान एवढा हिशेब तरी मांडावा, असे मनापासून वाटते. वेगाचे अक्षर आणि भाराचा अंक हीदेखील त्याच दाखल्यातील कलमे आहेत. गाडीच्या तक्त्यात व्ही, म्हणजे ताशी २४० किलोमीटर, लिहिले असता २१० च्या एचवर भागवू नये.

सत्तरीच्या दशकात मिशलँने टीआरएक्स नावाचा टायर काढून रिमही मिलिमीटरांत आणली. काही बीएमडब्ल्यू गाड्यांवर तो २२०/५५ व्हीआर ३९० या मापाने आणि फेरारी ४०० आय वर २४०/५५ व्हीआर ४१५ या मापाने बसे. ३९० मिलिमीटर म्हणजे पंधरा इंचांहून थोडे अधिक; त्यामुळे पंधरा इंची टायर त्या रिमवर चढत नाही आणि सोळा इंची बसत नाही. ही पद्धत रुजली नाही, आणि ज्यांच्या घरी त्या गाड्या राहिल्या त्यांना मिशलँने पुन्हा घडविलेले मोजके टायर मागवावे लागतात किंवा चारही रिमा बदलाव्या लागतात. रिमा बदलणाऱ्यांना मी दोष देत नाही, मात्र त्यांनी घेर राखला पाहिजे.

२००३ च्या रोल्स-रॉइस फँटमवर मिशलँचाच पॅक्स टायर आला. हवा गेली तरी काही अंतर धावता यावे म्हणून त्याच्या आत आधाराचे कडे असे, आणि त्याचे माप होते २६५ × ७९० आर ५४० ए, पुढे १११ डब्ल्यू: चाकामागे १,०९० किलो भार आणि ताशी २७० किलोमीटर वेग. सिल्व्हर घोस्टच्या टायरप्रमाणे येथे बाहेरील व्यास पुन्हा उघड लिहिला गेला. त्याच फँटमला एकवीस इंची रिमांचा पर्यायही होता, आणि त्यांवर पुढे २५५/५० व मागे २८५/४५ मापाचे टायर असत. कागदावर या तीन मापांत एकही आकडा जुळत नाही. पण हिशेब केला तर पुढच्याचा व्यास ७८८ आणि मागच्याचा ७९० मिलिमीटर निघतो. म्हणून पॅक्स सोडू पाहणाऱ्या मालकाने ही जोडी निःशंक घ्यावी, मात्र रिमांसह घ्यावी. कारण ५४० मिलिमीटर म्हणजे एकवीस इंच आणि वर पाव इंच, आणि त्या पाव इंचामुळे एकवीस इंची टायर जुन्या रिमवर चढतच नाही.