आज्या-पणज्यांना किती लेकरं झाली?

आज आपल्या खानदेशातल्या आज्या-पणज्यांचा हिशेब मांडू. एकेकीची बाळंतपणं किती झाली, लेकरं जगली किती? पाटलाच्या दप्तरी जन्म-मृत्यूची नोंद असे, पण पुष्कळ जन्म त्यात चढतच नसत. उरतो एकच मोठा कागद, शिरगणतीचा.

इंग्रजांनी पहिली शिरगणती १८७२ साली केली आणि १८८१ पासून ती दर दहा वर्षांनी होत गेली. जळगाव-धुळे तेव्हा एकच खानदेश जिल्हा होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. त्या गणतीत घरोघरच्या बाईला "तुला लेकरं किती झाली?" असं विचारत नसत. मग अभ्यासकांनी आडवाट काढली. पाच वर्षांखालची लेकरं मोजायची, पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बाया मोजायच्या आणि हजार बायांमागे लेकरं किती ते पाहायचं.

पण यात दगावलेली लेकरं दिसत नाहीत. समजा गावात पाच वर्षांत शंभर जन्मली, तीस गेली, तर कागदावर सत्तरच. ती तीस अंदाजाने परत मिळवावी लागतात. १९०१ च्या गणतीआधी तर छप्पन्नचा दुष्काळ होऊन गेला होता. संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० चा. खानदेशची लोकसंख्या १८९१ मध्ये साधारण १४ लाख होती, दहा वर्षांनीही तिथेच. त्या साली लेकरं कमी दिसतात, कारण काही उपासमारीत गेली आणि काही जन्मलीच नाहीत. उपाशी बाईची पाळीही थांबते. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर १९२१ च्या गणतीत देशाची लोकसंख्याच थोडी घटलेली दिसली.

थेट प्रश्न पुढे आला. १९७१ मध्ये लग्न झालेल्या बायांना विचारलं, गेल्या वर्षात मूल झालं का? १९८१ मध्ये त्याला जोड मिळाली: आजवर किती झाली, त्यातली हयात किती? उत्तरं मात्र सरळ येत नाहीत. वय विचारलं की पंचवीस, तीस, पस्तीस असं गोळाबेरजेत सांगतात. "गेल्या वर्षात" म्हणजे कुणी मागच्या दिवाळीपासून धरतं, कुणी आखाजीपासून. म्हातारी बाई सव्वा महिन्याच्या आत गेलेलं लेकरू मोजत नाही, की नांदायला गेलेली लेक विसरते. विसरते म्हणणंही पुरतं खरं नाही. बऱ्याचदा दारात उत्तर देतो तो घरातला पुरुष, आणि पोटातलं दुःख त्याला कुठून ठाऊक असणार?

ब्रास नावाच्या स्कॉटिश अभ्यासकाने आफ्रिकेतल्या बायांच्या अशाच उत्तरांतून मार्ग काढला. तरुण बायांना आपली लेकरं नीट आठवतात, म्हणून एकूण किती झाली याचं माप त्यांच्याकडून घ्यायचं. कोणत्या वयात जास्त बाळंतपणं होतात, ते गेल्या वर्षीच्या उत्तरांवरून काढायचं. दोन्ही जुळवली की चुकलेला आकडा बराच सावरतो. झालेल्या आणि हयात असलेल्या लेकरांतल्या फरकावरून बालमृत्यूही कळतात. आम्हाला यातलं हे फार मोलाचं वाटतं की गेलेल्या लेकराचीही कुठेतरी मोजदाद होते.

धुळ्याचे आकडे ताडताना एक पथ्य पाळावं लागतं. १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला, त्यामुळे जुना धुळे आणि आजचा धुळे एक नव्हे.

आता बाळंतपणं पुष्कळ कमी झाली, आणि बाईच्या जिवाला त्याने आराम मिळाला. पण शून्य ते सहा वयाचा रकाना मुलगे-मुली वेगळे करून वाचा. जळगाव जिल्ह्यात हजार मुलांमागे मुली २००१ साली ८८० होत्या, २०११ साली ८४२. धुळ्यात ९०७ वरून ८९८.